ज्या घरात यंदा कढई चढली नाही

परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरीच्या पुढं बोरी लागतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात इथलं चित्र मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखंच असतं. हाती लागलं तेवढं सोयाबीन घरात किंवा अडत्याकडं गेलेलं, कापसाची पहिली वेचणी सुरू, आणि संध्याकाळी गल्लीगल्लीतून तळणाचा वास. पण प्रत्येक गावात काही घरं अशी असतातच, की तिथं त्या वर्षी कढई चढत नाही. वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असतं. भावकीतली किंवा शेजारची बाई ताटावर रुमाल झाकून लाडू-करंज्या घेऊन येते. मायपाशी थोडा वेळ बसते. निघताना दारात उभ्या असलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "आता तूच कर्ता बाबा. मायला सांभाळ."

लेकरू नऊ-दहा वर्षांचं असतं. त्या वर्षात हे वाक्य त्यानं मामाकडून, चुलत्याकडून, गुरुजींकडून, अंत्यविधीला आलेल्या पुढाऱ्याकडूनही ऐकलेलं असतं. म्हणणाऱ्याच्या पोटात माया असते, यात शंका नाही. पण बाप गेला त्याच दिवशी या वाक्यानं त्याचं लहानपणही जातं. कर्त्या माणसानं रडायचं नसतं, एवढं त्याला नेमकं कळतं. मग ते रडत नाही, आणि सगळे म्हणतात, पोरगं मोठं शहाणं आहे.

यंदाच्या अंकाचा बालविभाग आम्ही या शहाण्या पोरांसाठी काढला आहे.

दिवाळी अंकाची चाल मराठीत का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'च्या अंकानं पाडली. तेव्हापासून हा अंक सणाच्या फराळाबरोबर घरात येतो. सण नसलेल्या घरात तो जात नाही, कारण तिथं तो कुणी विकत घेत नाही. यंदा तो तिथंही जावा अशी आमची इच्छा आहे. त्या लाडू-करंज्यांच्या ताटासोबत हा अंक कुणी नेऊन दिला तर बालविभागातल्या गोष्टी योग्य ठिकाणी पोचतील.

ही लेकरं कोण, ते आपल्याला माहीत आहे. ज्यांच्या बापानं कर्जापायी आणि नापिकीपायी जीव दिला, ती. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात ज्यांच्या डोळ्यांदेखत गोठ्यातली जनावरं वाहून गेली, दप्तरातल्या पुस्तकांचा लगदा झाला, ती. आणि ज्यांच्या घरात कुणीच मेलेलं नाही, पण दसरा-दिवाळी झाली की ज्यांचे आईबाप निघून जातात, तीही. जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून, तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं एक तर कारखान्याच्या फडावर कोपीत राहतात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. आपल्यासाठी दिवाळी म्हणजे घरी परतायचा सण. त्या लेकरांसाठी ती मायबापाच्या जाण्याची तारीख.

यातल्या पहिल्या लेकराविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. मग प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढं जातं आणि ठरतं, पात्र की अपात्र. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. हा सरकारी कामाचा भाग आहे आणि तो करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. पण घरातलं लेकरू हे शब्द ऐकत असतं. आपला बाप अपात्र ठरला, एवढंच त्याच्या कानावर पडतं. सातबारा नावावर नव्हता की कर्ज सावकाराचं होतं, हे त्याला कोण समजावून सांगणार?

त्याहून खोल एक गोष्ट त्याच्या मनात बसलेली असते आणि ती ते कुणालाच सांगत नाही. लहान मूल जगात जे काही घडतं त्याचं कारण स्वतःत शोधतं. मी दिवाळीला नवा ड्रेस मागितला होता. मी सहलीच्या पैशांसाठी रुसून बसले होते. त्या रात्री बाप मला रागावला आणि मी मनात म्हणालो, हा नसता तर बरं. मग आठ दिवसांत बाप गेला. मोठ्या माणसाला यात काही संबंध दिसत नाही. मुलाला तो पक्का दिसतो. वर्षानुवर्षं ते त्या ओझ्याखाली राहतं, नवीन काही मागणं बंद करतं, आणि आपण पुन्हा म्हणतो, किती समजूतदार आहे.

त्याला समोर बसवून "तुझी काही चूक नाही" असं सांगून भागत नाही. एक तर चूक काय वाटते तेच त्यानं सांगितलेलं नसतं. आणि मोठी माणसं बरं वाटावं म्हणून काहीही बोलतात, हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. इथं गोष्ट उपयोगी पडते. या अंकात एक छोटी गोष्ट आहे. एक वासरू रोज बांधावरच्या बाभळीला अंग घासतं. एका रात्री वादळ होतं आणि सकाळी बाभूळ आडवी पडलेली असते. वासराला वाटतं, आपणच पाडली. ते चारा सोडतं, कुठल्याच झाडाजवळ जाईनासं होतं, आईच्या अंगालाही अंग लावत नाही. पुढं काय होतं ते गोष्टीत वाचा. मला सांगायचंय ते एवढंच, की ही गोष्ट ऐकणारं लेकरू मध्येच म्हणू शकतं, "येडंच हाय वासरू, बाभळ तर वाऱ्यानं पडली." हे वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणणं आणि आपण त्याला सांगणं यात फार अंतर आहे. आणि ते काहीच म्हणालं नाही, नुसतं "पुन्हा वाच" म्हणालं, तरी गोष्टीचं काम चालू आहे असं समजावं.

बापाविषयी एक शब्द न बोलणारं पोर विकलेल्या बैलाविषयी तासभर बोलतं, हे आपल्याकडं शिक्षकांना, आजी-आजोबांना माहीत असतं. बैल कुणी नेला, त्याचं शिंग कसं होतं, पोळ्याला त्याला कोणता रंग दिला होता, नव्या दावणीला तो खात असेल का. लेकरू बैलाआडून बापाचंच विचारत असतं. लिहिणाऱ्यानं तो आडोसा काढून घेऊ नये. गोष्टीच्या शेवटी "मुलांनो, हा बैल म्हणजे आपले गेलेले बाबा" असं सांगायचा मोह ज्याला आवरत नाही, त्यानं अशी गोष्ट लिहू नये.

बैलावरून येला लेपमान या बाईंची आठवण होते. जर्मन ज्यू पत्रकार. हिटलरच्या राज्यात देश सोडावा लागला होता, युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्या परत जर्मनीत आल्या. शहरं ढिगाऱ्यात, मुलं उपाशी, आणि त्या म्हणू लागल्या, मुलांना पुस्तकं हवीत. १९४६ मध्ये म्युनिकला त्यांनी देशोदेशीच्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवलं. तिथंच १९४९ मध्ये मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. बर्लिनच्या मुलांसाठी त्यांनी एक गोष्ट जर्मनमध्ये आणून वर्तमानपत्री कागदावर तिच्या ३० हजार प्रती छापून वाटल्या. ती गोष्ट होती मन्रो लीफ यांच्या फर्डिनंड नावाच्या बैलाची, १९३६ सालची. इतर बैल झुंजीची स्वप्नं पाहतात आणि हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. त्या गोष्टीत बॉम्ब नाही, सैनिक नाही, मेलेले आईबाप नाहीत. बॉम्बवर्षावातून वाचलेल्या मुलांच्या हाती तिनं न झुंजणारा बैल दिला. पोळा साजरा करणाऱ्या आपल्या मुलखाला या निवडीचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

मराठीत मात्र गोष्ट म्हटली की तात्पर्य आलं. आपण बालसाहित्याकडून संस्कार मागतो, वळण मागतो, स्पर्धेत सांगता येईल असा बोध मागतो. दुखावलेल्या मुलाला बोधाचा काडीइतका उपयोग नाही. त्याला जवळ बसणारं कुणीतरी हवं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनी पोरवयात आईवेगळी झाली आणि पंढरपूरला दामाशेटींच्या घरी राहिली, अशी परंपरा सांगते. परक्या घरी राबणाऱ्या त्या पोरीनं पुढं जे अभंग रचले त्यांत विठ्ठल तिला उपदेश करायला येत नाही. तो दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. कामात जोडीला येतो. सातशे वर्षांपूर्वी हे ज्या मातीत सुचलं, त्या मातीतल्या बालसाहित्यिकांनी तात्पर्याच्या इतकं अधीन का व्हावं, हे मला खरंच कळत नाही.

'श्यामची आई'चंही आपण असंच केलं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आई गेली होती १९१७ मध्ये. मध्ये सोळा वर्षं. एका मुलानं आईच्या जाण्याचं दुःख इतकी वर्षं जवळ बाळगलं आणि मग सलग लिहून काढलं. आपण त्याला संस्कारांचं पुस्तक म्हणून शाळाशाळांतून बक्षीस वाटलं. त्याची बांधणी पुन्हा पाहावी. श्याम एका बैठकीत सगळं सांगत नाही. आश्रमातले सोबती जमतात, एका रात्री तो एक आठवण सांगतो, ती संपते, सगळे झोपायला जातात. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे ठरलेले, वेळ ठरलेली, आणि दुःख एका रात्रीला पेलेल एवढंच. आईचं मरण अगदी शेवटाकडं येतं, तोवर ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्याही अंगी ते सोसायचं बळ आलेलं असतं. आईशी आपण कुठं वाईट वागलो, हेही श्याम लपवत नाही. घायाळ मुलांसाठी गोष्ट कशी सांगावी याचा इतका चांगला धडा मराठीत दुसरा मला माहीत नाही, आणि तो आपल्या कपाटात नव्वद वर्षं पडून आहे.

ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'चं नाव इथं आवर्जून घ्यायला हवं. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची ही कहाणी, २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला. जिंतूर तालुक्यातच पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. त्याच्या पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली, पारावरची झाडं गेली. त्या गावांमधली तेव्हाची लेकरं आज आजोबा-पणजोबा झाली असतील. त्यांच्या नातवंडांनी हे पुस्तक त्यांना वाचून दाखवावं आणि मग गप्प बसून ऐकावं. उलट दिशेनंही गोष्टी वाहतात.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेली लेकरं झोपली होती. हजारो माणसं घराच्याच दगडमातीखाली गेली. पुढं कित्येक महिने लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे काम मोठंच. घरं बांधली गेली, गावं हलवली गेली, अहवाल निघाले. पण त्या पहाटेची, मुलाच्या उंचीवरून पाहिलेली, मुलांनी वाचावी अशी एखादी गोष्ट मराठी वाचकाला चटकन आठवते का? बत्तीस वर्षांत आपण ती मुलांच्या हाती ठेवायला हवी होती. त्या रात्री वाचलेली लेकरं आज चाळिशीत आहेत. त्यांना स्वतःची मुलं आहेत आणि मुलं विचारतात, तुम्ही छपराखाली का झोपत नव्हता?

दुखावलेल्या लेकरांसाठी गोष्टी निवडताना काही बाबतींत मात्र मी अडून बसतो, लेखकमित्र नाराज झाले तरी.

मरणाला मरणच म्हणायचं. "बाबा देवाघरी गेले", "देवाला आवडले" हे आपण सहज म्हणतो. १९४८ मध्ये मारिया नॉज यांनी बुडापेस्टच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठंतरी जाणं किंवा झोपणं वाटत होतं, गेलेलं माणूस परत येईल असं वाटत होतं. अशा मुलाला देवाघरचं सांगितलं की ते देवावर चिडतं, नाहीतर एस.टी.च्या वाटेकडं डोळे लावून बसतं. बाबांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, त्यांची आठवण आपण काढू शकतो. एवढं साधं गोष्टीतही सांगता येतं.

बाप आत्महत्येनं गेला असेल, तर त्या गोष्टीत कसं गेला याचं वर्णन नको. त्या मरणाला त्यागाचं रूप देऊ नये आणि सुटकेचंही. बाप गेल्यामुळं कर्ज फिटलं, गाव एक झालं, सरकार हललं, असा शेवट करणाऱ्या काही गोष्टी आमच्याकडं आल्या होत्या. लिहिणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. आम्ही त्या परत केल्या. असं चित्रण दुसऱ्या दुखावलेल्या जिवाला त्याच वाटेला लावू शकतं. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना हेच बजावते, आणि मुलांसाठी लिहिणाऱ्यानं पत्रकाराहून जास्त जपलं पाहिजे.

शेवटी पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. कर्ज फिटलंच पाहिजे असंही नाही. लेकराला खोटा शेवट लगेच ओळखू येतो आणि मग ते सगळी गोष्टच नाकारतं. पण त्यातल्या मुलानं काहीतरी करावं. शेळीला पाणी दाखवावं, बहिणीची वेणी घालावी, विहिरीपाशी जायची भीती वाटते हे एका माणसाला सांगावं. अंगावर कोसळलेल्या संकटात आपल्याला काहीच करता आलं नाही, ही बोच फार खोल असते. गोष्टीतल्या मुलाच्या हातून एक लहानसं काम होताना पाहिलं, की ऐकणाऱ्याच्या हातांनाही थोडं बळ येतं.

आणि कुणी बोलतं करायच्या नादात मुलाला खोदू नये. "तुला त्या दिवशी काय वाटलं ते लिही" असा निबंध वर्गात देणारे शिक्षक मला भेटले आहेत. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातला घाव लिहायला सांगितलं. पुढच्या महिन्यांत त्यांचे दवाखान्याचे फेरे कमी झाले. हा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण ती मोठी मुलं होती, स्वखुशीनं आली होती आणि त्यांचं लिखाण वर्गापुढं वाचलं जाणार नव्हतं. दहा वर्षांच्या लेकराला चाळीस जणांत उभं करून बापाचं मरण वदवून घेणं हा त्याच्यावर दुसरा घाव आहे. गोष्ट वाचून दाखवा. ऐकायचं की उठून जायचं, बोलायचं की गप्प राहायचं, हे त्याला ठरवू द्या.

गोष्ट जीव वाचवते असा आमचा दावा नाही. यानुश कोर्चाक हे पोलंडचे डॉक्टर, मुलांचे लेखक, वॉर्साच्या ज्यू वस्तीतला अनाथाश्रम चालवणारे. १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' रंगमंचावर केलं. आजारी अमल खिडकीशी बसून बाहेरच्या वाटसरूंशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते नाटक. तीन आठवडेही झाले नाहीत तोच सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं गेलं. स्वतःची सुटका करून घ्यायच्या संधी त्यांनी नाकारल्या होत्या. बंगालमधल्या एका मुलाची गोष्ट त्या मुलांना वाचवू शकली नाही. पण त्या जुलैमध्ये त्यांच्यापाशी ती होती, आणि ती वाचणारा माणूस त्यांना सोडून गेला नाही. गोष्टीसोबत माणूस लागतो, तो असा.

म्हणून ज्या लेकराची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, जे अंथरूण ओलं करू लागलं आहे, जेवण टाकतं, शाळा टाकतं, मरणाची भाषा बोलतं, त्याच्यासाठी गोष्टीवर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक आम्ही बालविभागाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापले आहेत. पानाची शोभा त्यानं थोडी कमी होते, हे चित्रकाराचं म्हणणं खरं आहे. तरी ते राहतील.

आता पुढच्या वर्षीचं. करोनाच्या साथीत, २०२० च्या सुरुवातीला, जगातल्या मदतसंस्थांनी मिळून मुलांसाठी एक गोष्ट लिहवून घेतली. आरियो नावाचा एक काल्पनिक प्राणी मुलांना पाठीवर घेऊन हिंडतो. ती लिहिण्याआधी सतराशेहून अधिक मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना विचारलं गेलं, की तुम्हाला कशाची भीती वाटते आणि त्या भीतीचं तुम्ही काय करता. मग गोष्ट लिहिली, आणि ती शंभराहून जास्त भाषांत गेली. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. बोरी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड या भागातल्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना, हंगामी वसतिगृहातल्या काळजीवाहकांना आणि लिहित्या माणसांना आमचं सांगणं आहे, की अशा गोष्टी लिहा आणि आमच्याकडं पाठवा. आखाड्यावरच्या, फडावरच्या, तांड्यावरच्या. लेकरू ज्या बोलीत रडतं त्या बोलीत. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आली तरी आम्ही छापू, शेजारी मराठी देऊ.

पाठवण्याआधी ती गोष्ट एका तरी लेकराला वाचून दाखवा. ते जिथं उठून गेलं, जिथं त्यानं मध्येच काही विचारलं, तिथं समासात पेन्सिलीनं खूण करा आणि ती खूण न खोडता कागद आमच्याकडं द्या. लेकराचं नाव, गाव लिहू नका. अक्षय्य तृतीयेपर्यंत आलेल्या गोष्टी पुढच्या दिवाळी अंकासाठी वाचल्या जातील, आणि ज्या छापल्या जातील त्यांच्या प्रती हंगाम सुरू व्हायच्या आत, टोळ्या निघण्याआधी, गावोगावच्या शाळांत पोचवण्याची जबाबदारी आमची.